साठ सेलांचे शेठ

भर एप्रिलात घोंगडी अंगावर घालून ऑफिसला येणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. धनगराकडून घेतलेली काळी घोंगडी मधोमध कापून, तिला बंद लावून, त्यांनी गुडघ्यापर्यंतचा ॲप्रन करून घेतला होता. घोडेगावच्या ऑफिसात पंखा गरगरतोय, आम्ही सगळे घामाने निथळतोय आणि हे गृहस्थ घोंगडीत बसून शांतपणे मागच्या महिन्याच्या नोंदी तपासताहेत. पहिल्या दिवशी मला वाटलं, यांना हिवताप भरला असावा. मी तसं विचारलंही. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, ॲसिड सुती कापड खातं, लोकर खात न्हाई. तुमचा हा ड्रेस महिनाभर टिकंल. मग त्याची चाळणी व्हईल."

तो ड्रेस तीन आठवडे टिकला.

ते आमच्या खात्याचे बॅटरी तपासणीस होते. जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत जिथे जिथे वीज साठवून ठेवलेली असेल तिथे जायचं, ती नीट साठते आहे का ते बघायचं, आणि तिच्यापासून कुणाच्या जिवाला धोका नाही ना, याची खात्री करायची, हे त्यांचं काम. प्रत्येक सबस्टेशनात मोठ्या यंत्रांच्या मागे एक खोली असते. तिथे ॲसिडने भरलेल्या सेलांच्या रांगा असतात. बाहेरची सगळी वीज गेली तरी आतली यंत्रं शुद्धीवर राहतात ती या रांगांच्या जिवावर. पण त्या खोलीकडे कुणी फिरकत नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला मी नवी ज्युनिअर इंजिनिअर म्हणून यांच्या हाताखाली आले, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती आणि त्यातली पंचवीसेक वर्षं अशाच खोल्यांत गेली होती.

घोडेगावच्या पेठेत त्यांच्या घराण्याचं कापडाचं दुकान. पणजोबा राजस्थानातून आले, पोरं-नातवंडं इथलीच होऊन गेली. दोघे भाऊ गादीवर बसून साड्या उलगडत, आणि हे एकटे ॲसिडात हात घालत डोंगर हिंडत. गंमत अशी की गादीवरच्या भावांना लोक नावाने हाका मारत आणि गादी सोडलेल्या यांना मात्र अख्खा तालुका 'शेठ' म्हणे. मीसुद्धा पाठीमागे शेठच म्हणायची. तोंडावर सर.

शेठच्या खांद्यावरच्या पिशवीत तीन गोष्टी कायम असत. घरून उकळून, गाळून आणलेल्या पाण्याचा स्टीलचा डबा, कारण बाहेरचं पाणी ते तोंडाला लावत नसत. खाण्याच्या सोड्याची पुडी, कारण अंगावर ॲसिड उडालं की त्यावर सोडा टाकायचा. आमच्या ऑफिससमोरच्या भजीवाल्याचा सोडा संपला की तो बिनदिक्कत शेठकडे यायचा आणि शेठ त्याला चमचा मोजून द्यायचे. तिसरी वस्तू म्हणजे पेढ्यांचा रिकामा पत्र्याचा डबा. बॅटरीच्या खोलीच्या दाराशी तो उघडून ठेवायचा आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाने अंगठी, घड्याळ, किल्ल्या, साखळी, जे काही धातूचं असेल ते त्यात काढून ठेवायचं. मग तो शिपाई असो की मुख्य अभियंता.

माझं नुकतंच लग्न झालं होतं. मंगळसूत्र काढायचं म्हटल्यावर मी दारात अडून बसले. शेठ अजिबात चिडले नाहीत. म्हणाले, "काढू नका. बाहेर बसून मी बोलतो ते लिहा." दोन दिवस मी बाहेर बसून लिहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक जुना चमचा लाकडी चिमट्यात धरून दोन सेलांच्या टोकांवर टेकवला. डोळे दिपवणारी ठिणगी उडाली आणि चमच्याचं टोक वितळून खाली पडलं. मी मंगळसूत्र काढून डब्यात ठेवलं. सासूबाईंना मी हे आजवर सांगितलेलं नाही.

"आधी नाक, मग मीटर," हे त्यांचं पालुपद. खोलीचं दार उघडलं की ते उंबऱ्यावर डोळे मिटून उभे राहत आणि खोल श्वास घेत. आंबूस वास आला तर चार्जिंग जास्त होतंय, सडक्या अंड्यासारखा आला तर कुठलातरी सेल बिघडायला लागलाय. त्यांचा तो ध्यानस्थ अवतार बघून नवे ऑपरेटर तोंडावर हात घेऊन हसत. पण आत जाऊन मीटर लावला की शेठने दारातून सांगितलेलंच निघे.

एकदा जुन्नरकडच्या एका नव्या सबस्टेशनचं उद्घाटन होतं. पाहुणे मोठे पुढारी. त्यांना कुणीतरी सांगितलं की बॅटरीची खोली म्हणजे या सगळ्याचा गाभारा. झालं, समई तिथेच लावायची ठरली. रात्रभर सेल चार्जिंगला होते. तसं चार्जिंग होताना सेलमधून हायड्रोजन निघतो आणि खोलीत साचला तर एका काडीने भडका उडतो. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं आणि आम्ही सगळेच खाली माना घालून उभे होतो. शेठ घोंगडी घालून दारात आडवे उभे राहिले.

"समई आत जाणार न्हाई."

"अहो, शुभ काम आहे!" पुढाऱ्यांचा एक माणूस ओरडला.

शेठने वाद घातला नाही. त्यांनी एका सेलच्या तोंडाला रबरी नळी लावली, तिचं दुसरं टोक साबणाच्या पाण्याच्या ताटलीत बुडवलं आणि फेस जमू दिला. मग ती ताटली उचलून पार आवाराच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली, सगळ्यांना मागे सारलं आणि लांब काठीच्या टोकाला पेटता बोळा बांधून त्या फेसाला लावला. असा आवाज झाला की मांडवातल्या खुर्च्या रिकाम्या झाल्या आणि पाहुण्यांची टोपी खाली पडली. शेठने ती उचलून, झटकून त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "हा एवढासा फेस व्हता, साहेब. आत पूर्ण खोली हाय." समई व्हरांड्यात लागली. शेठविरुद्ध तक्रार गेली. पाहुणे मात्र पुढे जिथे भेटत तिथे शेठला आधी नमस्कार करत.

त्यांच्या हाताखालचा माझा सर्वांत लाजिरवाणा दिवसही सांगायलाच हवा. सेलमधलं ॲसिड किती दमदार आहे हे काचेच्या नळीतल्या फुग्यावरून कळतं. तो वर तरंगला की सेल भरलेला, खाली बसला की रिकामा. त्याला हायड्रोमीटर म्हणतात. एका सबस्टेशनात मी एकटीच हे आकडे घेत होते. शेवटची रांग उरली आणि बाहेर एस.टी.चा हॉर्न वाजला. मी त्या रांगेला डोळे झाकून बाराशे दहा, बाराशे दहा असं लिहून टाकलं आणि गाडी पकडली. दुसऱ्या दिवशी शेठने तो कागद उन्हात धरल्यासारखा न्याहाळला. "ह्या सगळ्या रांगेला एकदम सारखी तब्येत कशी आली, मॅडम?" ते उठले, मला घेऊन परत तिथे गेले, ती रांग माझ्याकडून पुन्हा मोजून घेतली. दोन सेल बाराशेच्या खाली होते. परतीची शेवटची एस.टी. चुकली आणि आम्ही टेम्पोत कांद्याच्या गोण्यांवर बसून आलो. वाटेत ते एवढंच म्हणाले, "तुमचं अक्षर चांगलं हाय. त्याला खोटं लिहायला लावू नका." त्यानंतर मी कुठल्याही कागदावर न मोजलेला आकडा लिहिलेला नाही. हे मी अभिमानाने सांगते.

आता त्या वाडीची गोष्ट.

आहुप्याच्या अलीकडे, रस्ता सोडून तासभर चढलं की एक वाडी लागते. तिथे विजेच्या तारा पोचल्या नव्हत्या. म्हणून खात्याने उतारावर सौरपट्ट्या बसवल्या, दगडी खोली बांधली आणि तिच्यात साठ सेल मांडले. दिवसा उन्हावर सेल भरायचे, संध्याकाळी घराघरात एकेक दिवा लागायचा. शाळेत दोन आणि देवळापुढे एक. या बॅटरीघराची देखभाल हौसाबाईंकडे होती. चाळिशीच्या, चौथी शिकलेल्या, गडद हिरव्या लुगड्यातल्या, बोलायला कमी. खोली इतकी लख्ख ठेवत की आमच्या सबस्टेशनवाल्यांनी तिथे जाऊन शिकावं.

दोन हजार साल उलटून एखादं वर्ष झालं असेल. त्या पावसाळ्यानंतर वाडीतून तक्रार आली की दिवे आठच्या आत मान टाकतात. वरच्या साहेबांनी शेठला तपासणी करून अहवाल द्यायला सांगितलं. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं.

"अहवालात एक वाक्य यायला हवं," साहेब म्हणाले. "गावकऱ्यांच्या निष्काळजीपणामुळे संचाचं नुकसान झालं. बाकी तुमचं तांत्रिक काय असेल ते लिहा." तेवढं वाक्य आलं की सेल पुरवणारा आणि त्यांना पाणी पोचवणारा ठेकेदार जबाबदारीतून सुटणार होता, सेल काढून दुसरीकडे न्यायचे ठरले होते आणि वाडी पुन्हा रॉकेलवर जाणार होती. मी निघताना साहेबांनी मला थांबवलं. "मॅडम, तुमची कायम होण्याची फाईल माझ्याच टेबलावर आहे, लक्षात आहे ना?"

लक्षात कसं नसेल!

वाडीत पोचलो तेव्हा शेठने नेहमीप्रमाणे उंबऱ्यावर उभं राहून वास घेतला. मग एका सेलमधलं थोडं पाणी परीक्षानळीत घेऊन त्यात क्षार ओळखायच्या रसायनाचे दोन थेंब टाकले. सेलमध्ये घालायचं पाणी डिस्टिल्ड असावं लागतं, वाफेचं, अगदी निर्मळ. तसं असतं तर नळीतलं पाणी होतं तसंच राहिलं असतं. ते किंचित दुधाळ झालं.

"पाणी कोणतं घातलंय?" शेठने विचारलं.

दारात वाडीतली दहा-बारा माणसं उभी होती. एक म्हातारे गृहस्थ घाईने म्हणाले, "कॅनमधलंच की, शेट. तुमच्याच खात्याचं."

शेठने ती नळी उजेडात धरली. तेवढ्यात हौसाबाई पुढे आल्या.

"कॅनचं न्हाई. म्या घातलं. देवाच्या राईतल्या झऱ्याचं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. आषाढात रस्ता खचला. ठेकेदाराचा माणूस पाण्याचे कॅन घेऊन यायचा तो आलाच नाही. त्यांनी दोनदा निरोप धाडले. सेलमधलं पाणी उतरत चाललं आणि आतल्या पट्ट्यांचे काठ दिसायला लागले. "पट्ट्या उघड्या पडल्या तर सेल मेलाच म्हनून बसवनाऱ्या सायबानं सांगितलं व्हतं. मंग काय करू? विहिरीचं घालू नगा म्हनले व्हते. आमच्याकडं राईतल्या झऱ्याहून चोख पानी न्हाई, शेट. ते आमी पीत बी न्हाई. देवाच्या आंगुळीला तेवढं आनतो. म्या उपाशी गेले, अनवाणी गेले, देवाला सांगितलं आन् आनलं."

म्हणजे ज्या पाण्याला वाडीत कुणी तोंड लावत नव्हतं ते हौसाबाईंनी सेलांना पाजलं होतं. मला रडावं की हसावं कळेना. कारण झऱ्याचं पाणी कितीही पवित्र असलं तरी त्यात क्षार असतात आणि सेलच्या पोटात ते हळूहळू अपाय करतात. साहेबांना हवं असलेलं वाक्य हौसाबाईंनी स्वतःच्या तोंडाने दिलं होतं.

शेठने मात्र भलताच प्रश्न विचारला. "गाळून घातलं का?"

"तर! नव्या धडप्यातनं."

"किती पदरी?"

"चार."

शेठने मान हलवली आणि वहीत लिहिलं, 'चौपदरी कापडाने गाळून.' आयुष्यभर गाळलेलं पाणी पिणाऱ्या माणसाला त्या चार पदरांची किंमत कळली होती. मी त्यांना बाजूला घेऊन हळूच म्हटलं, "सर, हे पाण्याचं लिहू नका. बिचारीची जागा जाईल. दिवेही जातील."

"सगळं लिहिणार," शेठ म्हणाले. "अर्धं लिहिलं तर जागा जाईल."

मला तेव्हा त्यांचा राग आला. असला कसला हट्टी माणूस, असंही वाटलं.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. साठवलेली वीज खरोखर किती आहे हे कळायला ती दहा तास सारख्या वेगाने उपसावी लागते आणि दर तासाला प्रत्येक सेल मोजावा लागतो. एवढी वीज खर्चायची कशात? खात्याची यंत्रं डोंगरावर चढणं शक्य नव्हतं. शेठने पाणी तापवायचे नऊ रॉड आणले होते. शाळेच्या अंगणात पाण्याची पिंपं मांडली, भोवती दोरी बांधली आणि सकाळी सहाला खटका दाबला. रॉड बंद केल्याशिवाय दोरीच्या आत कुणी पाऊल टाकायचं नाही, अशी ताकीद होती. तास संपला की बटण बंद, पिंपं रिकामी, नवं पाणी, बटण चालू. त्या दिवशी अख्ख्या वाडीने कढत पाण्याने आंघोळ केली. तीन महिन्यांचं भिजलेलं अंग शेकायला म्हाताऱ्या बायका रांगा लावून बसल्या होत्या. "शेट, रोज येत चला की राव!" एक आजी ओरडून म्हणाल्या.

आत आम्ही मोजत होतो. शेठ आकडा सांगत, मी मोठ्याने परत म्हणून लिहीत होते. दुपारी त्यांनी हायड्रोमीटरची नळी हौसाबाईंच्या हातात दिली. फुगा कुठल्या रेषेला तरंगतो ते डोळ्यांच्या पातळीवर आणून कसं वाचायचं, ते दाखवलं. पहिले चार आकडे हौसाबाईंनी चुकीचे वाचले. पाचव्यापासून शेठ फक्त मान डोलवत होते.

दहा तास पुरे झाले तेव्हा चोपन्न सेल उभे होते. दाराजवळचे सहा मात्र तीन तासांतच बसले होते. या सहांनीच बाकीच्यांना खाली ओढलं होतं आणि म्हणून दिवे आठला विझत होते. शेठ त्या सहांपुढे उकिडवे बसले आणि त्यांची नजर भिंतीवर गेली. रांगेतल्या सेलांच्या वर भिंतीवर कोळशाच्या रेघा होत्या, कुठे तीन, कुठे चार.

"ह्या कसल्या?"

"किती फुलपात्रं घातली त्याच्या," हौसाबाई म्हणाल्या. "इसरू नये म्हनून."

त्या सहा सेलांच्या वर एकही रेघ नव्हती. हौसाबाईंनी आतल्या टोकापासून घालायला सुरुवात केली होती, दारापाशी येईस्तोवर हंडे संपले आणि मग आठवडाभर ओढ्याला असा पूर की राईकडे जाताच आलं नाही. तेवढ्यात ते सहा कोरडे पडले. शेठ उठले. माझ्याकडे वळून, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "ज्यांना हिचं पाणी मिळालं ते जगले, मॅडम. ज्यांना कुणाचंच न्हाई मिळालं ते मेले. लिहा."

मी लिहिलं. आदल्या दिवशीचा माझा राग कुठे गेला ते मला कळलंही नाही.

अहवाल त्यांनी देवळाच्या पायरीवर बसून पुरा केला. पाणी अयोग्य होतं, ते काढून योग्य पाणी न घातल्यास उरलेले सेलही लवकर झिजतील, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं. ते कुणी व का घातलं, ठेकेदाराचं पाणी का पोचलं नाही आणि न घातलं असतं तर काय झालं असतं, हेही लिहिलं. भिंतीवरच्या रेघांचा साठही सेलांचा हिशेब त्यांनी तक्त्यात उतरवला. शेवटी दोन सह्यांची जागा होती. स्वतःची करून त्यांनी कागद माझ्याकडे दिला. "वाचल्याशिवाय करू नका. आणि वाचून न्हाई करावीशी वाटली तरी मला राग न्हाई." माझ्या डोळ्यांपुढे साहेबांचं टेबल आणि त्यावरची ती फाईल आली. मी पूर्ण वाचलं, दोनदा वाचलं, आणि सही केली. अक्षर चांगलं आलं.

निघताना शेठने सहा मेलेले सेल वगळून बाकीचे एकमेकांना जोडून दिले, त्यामुळे दिवे निदान नऊपर्यंत टिकू लागले. आपली काचेची नळी त्यांनी हौसाबाईंपाशीच ठेवली. दर सोमवारी मोजायचं आणि वहीत लिहायचं, एवढंच सांगितलं.

साहेबांचा संताप व्हायचा तो झाला. अहवाल एकतर्फी आहे, असा शेरा मारून त्यांनी पुण्याहून दोन तज्ज्ञ मागवले. ते येऊन जाईपर्यंत शेठने वाडीत पाऊल टाकायचं नाही असा लेखी आदेश निघाला. शेठने सुट्टी टाकली आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा भावांबरोबर दुकानाच्या गादीवर जाऊन बसले. वाट दाखवायला म्हणून तज्ज्ञांबरोबर मला पाठवलं.

तज्ज्ञ माणसं सभ्य होती. हौसाबाईंनी दारातच त्यांची घड्याळं आणि अंगठ्या काढून घेतल्या तेव्हा त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, पण काढल्या. मग मोजणी सुरू झाली. पहिला सेल. तज्ज्ञाने नळी वर धरली, आणि तो आकडा बोलायच्या आत हौसाबाईंनी वहीतून कालच्या सोमवारचा आकडा वाचला. तोच निघाला. दुसरा, तोच. दहा झाले, वीस झाले. मी भिंतीला टेकून प्रत्येक आकडा कान देऊन ऐकत होते, कारण या वहीत एक जरी आकडा अंदाजाने लिहिलेला असला तरी सगळा अहवाल निकालात निघणार होता. हौसाबाईंनी तिसाव्यानंतर वहीत बघणंही सोडलं.

एक्केचाळिसाव्या सेलला आकडे जुळले नाहीत. तज्ज्ञाचा वीस अंशांनी वेगळा आला. त्याने पुन्हा पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं. "बाई, इथे तुमचं चुकलंय," तो म्हणाला आणि कागदावर खूण करायला वाकला.

"थांबा, सायेब," हौसाबाई म्हणाल्या. "तुमच्या नळीतला फुगा काचेला चिकटलाय. नळी जरा तिरकी झाली. सरळ धरा आन् टिचकी मारा."

त्याने नळी सरळ धरून टिचकी मारली. फुगा सुटला, हलला आणि वहीतल्या आकड्यावर जाऊन थांबला.

मग तो माणूस हसला आणि उरलेले तेरा सेल त्याने हौसाबाईंना मोजायला सांगितले. आपण नुसता लिहीत राहिला.

तज्ज्ञांच्या अहवालात शेठच्या अहवालातला एक शब्दही बदलला गेला नाही. ठेकेदाराला सहा नवे सेल द्यावे लागले, पाणीही बदलावं लागलं. सेल वाडीतच राहिले आणि हौसाबाईही. माझी फाईल मात्र आणखी वर्षभर टेबलावर पडून राहिली, ती राहू दे.

हे सगळं सांगायला मी तडक घोडेगावच्या पेठेत गेले. शेठ गादीवर अवघडून बसले होते, समोर साड्यांचा ढीग. मी धापा टाकत सांगत गेले, ते ऐकत गेले. आपला अहवाल टिकला म्हटल्यावर त्यांनी नुसतं "हं" केलं. मग मी एक्केचाळिसाव्या सेलचं सांगितलं, आणि ते एकदम पुढे सरकले.

"फुगा चिकटलाय म्हणाली?"

"हो, सर. म्हणाली, सरळ धरून टिचकी मारा."

शेठ माझ्याकडे बघतच राहिले.

"मॅडम, मी तिला ते शिकवलंच न्हवतं. घाईत राहून गेलं व्हतं."

दोघे भाऊ कात्री हातात धरून आमच्याकडे बघत होते. दारातलं गिऱ्हाईक ताटकळलं होतं. शेठने चष्मा काढला, समोरच्या नव्याकोऱ्या साडीच्या पदराला पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि मांडी घालून नीट बसले.

"परत सांगा," ते म्हणाले. "पहिल्या सेलपासून."